भावोजींची बोट मी कशी चुकवली

चहा घ्या आधी. बिस्किटं पण घ्या. कारण आता जे सांगणार आहे ते ऐकल्यावर तुमच्यापैकी एकही जण माझ्या गाडीत बसणार नाही, लिहून देतो! आयुष्यात मी गाढवपणा पुष्कळ केलाय. चुलतभावाच्या लग्नात अख्खं वऱ्हाड भलत्याच हॉलमध्ये नेऊन जेवायला बसवलंय. पण हा जो घोळ घातला ना, त्याला तोड नाही. हसू आलं तर हसा. मीपण हसतो कधीकधी. मग गप्प बसतो.

माझी मोठी बहीण सुमनताई आणि तिचे मिस्टर, आमचे भावोजी, भांडुपला राहायचे. भावोजी गोदीत क्रेनवर होते, तेहतीस वर्षं. कुठल्या कुठल्या देशांतल्या बोटींचा माल त्यांनी उतरवला, चढवला. पण स्वतः बोटीत बसले का कधी? नाव नको! गावाला, मालवणला जायचे तेसुद्धा एसटीने.

गेल्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. मोठं ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढलं. गळ्याला पुढे एक भोक, श्वास तिथून, त्यावर पातळ रुमाल. आवाज गेला तो गेलाच. ज्या माणसाची हाक एका धक्क्यावरून दुसऱ्या धक्क्यावर ऐकू जायची, तो माणूस आता नातवाची पाटी घेऊन बसायचा. ती नसते का, काळी, प्लास्टिकची? काडीने लिहायचं आणि बटण दाबलं की सगळं साफ. ती.

पुढची औषधं सुरू व्हायला मध्ये दोन-तीन आठवडे होते. डॉक्टर ताईला बाजूला घेऊन म्हणाले, "काय हौसमौज करायची असेल ती आत्ता करून घ्या." ताईला कळायचं ते कळलं. तिने मुलाला, अमितला, पुण्याला फोन केला. अमित धावत आला. बापाजवळ बसून म्हणाला, "बाबा, तुम्हाला काय हवंय? काहीही सांगा."

भावोजींनी पाटीवर लिहिलं, "बोट."

अमितने घाबरून त्यांची दहाच्या दहा बोटं तपासली! "कुठलं दुखतंय बाबा? हे? की हे?"

भावोजींनी कपाळावर हात मारला आणि बटण दाबून नवीन लिहिलं. "जन्मभर धक्क्यावरून बोट बघितली. एकदा बोटीवरून धक्का बघायचाय."

झालं. अमितने दोघांची तिकिटं काढली. मुंबईहून गोवा, गोव्याहून मुंबई, तीन दिवसांची क्रूझ. गेट दुपारी चारला बंद, बोट पाचला सुटणार. त्याला स्वतःला सुट्टी नव्हती. मला म्हणाला, "मामा, मी टॅक्सी सांगतो त्यांना."

मी काय म्हणालो असेन?

"टॅक्सी कशाला रे? मामा मेलाय का?"

आता बघा, भांडुपहून बंदराला जायचं म्हणजे सरळ मार्ग हायवे, मग चेंबूर, मग फ्रीवे. शाळेतलं पोरगं सांगेल. पण आपण पडलो हुशार! आदल्या दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आलेला. पूल, त्यावर झेंडूची तोरणं, रिबीन, खाली लिहिलेलं, "अखेर पूल खुला!" मी म्हटलं, वा! सायनचा पूल झाला वाटतं! किती दिवस तो जुना पूल पाडून नवीन बांधायचं काम चाललंय. म्हणजे उद्या सगळी दुनिया हायवेने जाणार, आणि आपण आतल्या रस्त्याने कुर्ला, सायन, झकास निघून जाणार. कुठला पूल, ते वाचायची तसदी घेतली नाही. फोटो बघितला, अंगठा दाबला, झोपलो.

ताई म्हणाली होती दहाला निघू. मी म्हटलं, "दहाला? बंदरावर जाऊन माशा मारायच्या का गं? साडेबाराला येतो."

साडेबाराला आलो. भावोजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खाली फाटकाशी उभे. अंगात काही उरलं नव्हतं, शर्ट खांद्यावरून नुसता लोंबत होता. पण दाढी गुळगुळीत, केसांना तेल. त्यांना पुढे बसवलं, माझ्या बाजूला. ताई मागे. बॅगा डिकीत.

आणि ताईचा चष्मा बॅगेत. हे लक्षात ठेवा. मला तेव्हा माहीत नव्हतं.

घाटकोपरपर्यंत मजेत. कुर्ल्याच्या अलीकडे भावोजींनी माझ्या खांद्यावर टकटक केलं आणि डावीकडे बोट दाखवलं. चेंबूरकडे जायचा रस्ता तिकडे वळतो. मला वाटलं, डाव्या बाजूच्या एसीच्या जाळीकडे दाखवतायत. एसी कमी केला. पुन्हा टकटक. आणखी कमी केला. मग त्यांनी पाटीवर काहीतरी लिहून माझ्या तोंडासमोर धरलं.

"भावोजी, रस्ता दिसत नाही! ताई, बघ गं काय म्हणतायत."

ताईने पाटी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. "फु... फुल बंद. एसी फुल बंद कर म्हणतायत."

केला फुल बंद! बाहेर मेचं ऊन, काचा वर, आत आम्ही तिघं. भावोजी माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांची क्रेन समुद्रात ढकललीय. मी म्हटलं, "आता बरं वाटतंय ना?"

त्यांनी लिहिलं होतं, "पूल बंद."

सायनला पोचेपर्यंत ट्रॅफिक असा काही तुंबला की विचारू नका. पुढे पत्र्यांची भिंत, त्यामागे क्रेन, मातीचे ढीग. बॅरिकेडपाशी एक हवालदार उभा. मी काच खाली केली. "साहेब, नवीन पुलावर कुठून चढायचं?"

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कुठला नवीन पूल? अजून बांधतायत तो."

"पण व्हॉट्सॲपवर आलंय, खुला झाला म्हणून..."

"मग व्हॉट्सॲपवरूनच जा पलीकडे! गाडी मागे घ्या."

फोटो विक्रोळीच्या पुलाचा होता. आमच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या!

मागे कुठे घेणार? मागे टेम्पो, त्याच्या मागे बस, बसच्या मागे अख्खं कुर्ला. इंचाइंचाने गाडी फिरवली, परत उलटं आलो, चेंबूरकडे वळलो. दीड-पावणेदोन तास तिथेच गेले. ताई मागून मालवणीत सुरू झाली होती. ती मालवणीत सुरू झाली की समजायचं, वाट लागली.

"तुका सांगलंय दहाक निघूया. सांगलंय का नाय?"

"ताई, अजून वेळ आहे. फ्रीवेला लागलो की वीस मिनिटं!"

फ्रीवेला लागलो तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं. रस्ता मोकळा, गाडी सुसाट. माझ्या जिवात जीव आला. भावोजी पण जरा सरळ बसले. डाव्या हाताला लांबवर गोदीतल्या क्रेन दिसायला लागल्या, तर ते बोटाने मोजायला लागले. खरं सांगतो, त्या पाच मिनिटांत मला वाटलं, आपण आज आयुष्यात काहीतरी चांगलं केलं.

मग शिवडी आली. शिवडीला तुम्ही बघितलंय ना काय चाललंय? वरळीकडून नवीन पूल येतोय, तो इथे जोडणार. खांब उभे, सळया आकाशात, पिवळे दिवे, नारिंगी शंकू. आणि तिथूनच डावीकडे एक रॅम्प फुटतो, समुद्रावरच्या लांब पुलाचा. पार पलीकडे, उरणच्या बाजूला उतरणारा.

भावोजींना ते माहीत होतं. नोकरी सुटली तरी तो माणूस दर महिन्याला गोदीकडे चक्कर मारायचा. त्यांनी टकटक केलं. मी म्हटलं, "हो हो, आलंच." त्यांनी जोरात टकटक केलं, माझ्या अंगावरून वाकून उजव्या बाजूला हात केला. मग पाटी ओढली, घाईघाईत लिहिलं आणि मागे ताईला दिली.

ताईने डोळे बारीक केले. "उ... उ..." आणि एकदम किंचाळली, "उलटी! दिन्या, उलटी येताहा त्यांका!"

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? डॉक्टरांनी बजावलेलं, श्वासाच्या भोकाला काही लागता कामा नये. इंडिकेटर दिला, गाडी डावीकडे घेतली, थांबायला जागा शोधतोय. एका हाताने डॅशबोर्डमधली प्लास्टिकची पिशवी काढून भावोजींच्या तोंडासमोर धरली. ते पिशवी ढकलतायत, मी परत धरतोय. ते हाताने नको नको करतायत, मी म्हणतोय, "लाजू नका भावोजी, घरचेच आहोत!" शंकूंच्या पलीकडे डाव्या बाजूला छान रुंद रस्ता दिसला. मी म्हटलं, सुटलो! आणि गाडी त्यात घातली.

तो रॅम्प होता.

गाडी चढली, वळली, आणि एकदम दोन्हीकडचा गोंगाट थांबला. भावोजींनी पिशवी माझ्या हातातून घेतली, शांतपणे घडी केली, मांडीवर ठेवली आणि समोर बघत बसले.

ताईने खिडकीतून बाहेर बघितलं. "दिन्या, ह्यां काय? दोनय बाजूक पाणी?"

"म्हणजे बंदर आलं गं!" मी म्हणालो. देवाशपथ, असंच म्हणालो!

फोनमधल्या मॅपवाल्या बाईने तोंड उघडलं, तेव्हा मला कळलं. वळण पलीकडच्या किनाऱ्यावर. तोपर्यंत थांबायचं नाही, फिरायचं नाही, मागे जायचं नाही. समुद्रावर सरळ रेष मारलेला रस्ता आणि त्यावर मी, बोट गाठायला निघालेला, बोटीकडे पाठ करून ऐंशीच्या वेगाने चाललोय. इतका सुंदर रस्ता मी उभ्या जन्मात बघितला नव्हता. एक खड्डा नाही! कुठे एक खड्डा असता तर निदान शिव्या तरी घातल्या असत्या कुणाला.

अमितचा फोन आला. "मामा, कुठे आहात? गेटवरून विचारतायत, आई-बाबा आले नाहीत अजून."

"पोचतोच आहे."

"समोर काय दिसतंय?"

खोटं तरी किती बोलणार? "उरणचा बोर्ड."

मग अमित एवढंच म्हणाला, "बाबांना पाणी दे मामा."

उतरलो पलीकडे, तर तिथले रस्ते सगळे नवेकोरे. गोल फिरून त्याच जागी आणतात. एकदा फिरलो, दोनदा फिरलो. चार वाजून दहा मिनिटांनी अमितचा पुन्हा फोन आला. गेट बंद झालं होतं.

एका पत्र्याच्या टपरीपाशी गाडी लावली. ताई उतरली, डिकी उघडली, बॅग उघडली, आत हात घालून चष्मा काढला. तो लावून ती परत गाडीत आली आणि मागच्या सीटवर पडलेली पाटी उचलली. लिहिलेलं तसंच होतं. तिने वाचलं. परत वाचलं.

"दिन्या," ती हळूच म्हणाली, "ह्यां उलटी नाय रे. उजवी आसा. उजवी."

आणि एवढ्यात भावोजींचे खांदे गदागदा हलायला लागले. गळ्यातल्या भोकातून शिट्टीसारखा आवाज, डोळ्यांतून पाणी, चेहरा लालबुंद. मी टरकलो! यांचा श्वास अडकला! दार उघडलं, त्यांना काखेत धरून बाहेर ओढायला लागलो, टपरीवाल्याला ओरडतोय, "हॉस्पिटल कुठेय? जवळ हॉस्पिटल कुठेय?" तो बिचारा हातातली किटली टाकून धावत आला.

ताईने माझ्या पाठीत धपाटा घातला. "सोड त्यांका मेल्या! हसतायत ते!"

खरंच हसत होते. ऑपरेशननंतर मी त्यांना हसताना बघितलंच नव्हतं, मग ओळखणार कसा? पोटभर हसले, रुमालाने डोळे पुसले, ताईकडून पाटी घेतली, बटण दाबलं आणि लिहिलं:

"क्रेनवर तुला एक दिवस पण ठेवला नसता."

मग ताई हसली. मी हसलो. टपरीवाल्याला काही कळलं नाही तरी तोही हसला. चहा प्यायलो. भावोजींनी बशीत ओतून, अगदी थोडा थोडा घेतला. मला वाटलं, चला, निभावलं.

पाचच्या सुमाराला परत निघालो. परत तोच पूल. येताना समुद्राची दक्षिण बाजू डाव्या हाताला येते, म्हणजे भावोजींच्या खिडकीला. पुलाच्या मध्यावर आलो असू, तेव्हा त्यांनी काचेवर हात ठेवला.

लांबवर, पाण्यावर, ती पांढरी बोट. इमारतीएवढी उंच. धक्का सोडून बाहेर निघाली होती.

त्या पुलावर थांबता येत नाही. मी गाडी जितकी हळू करता येईल तितकी केली. मागच्या गाड्या हॉर्न मारून मारून पुढे जात होत्या. गस्तीवाल्यांची जीप बाजूला आली, आतल्याने हात केला, चला, चला. मी गाडी थोडी पळवली, जीप पुढे गेल्यावर परत हळू केली. भावोजींना ऑपरेशनपासून मान वळवता यायची नाही, तर ते अख्खेच्या अख्खे खिडकीकडे वळून बसले. पाटी मांडीवर होती. लिहिलं काहीच नाही. बोट लहान होत गेली, मग उन्हाच्या तिरिपीत दिसेनाशी झाली. तरी ते तसेच वळलेले.

"सरळ बसा आता," ताई म्हणाली. "मान दुखेल."

मी म्हणालो, "भावोजी, पुढच्या महिन्यात. नक्की. अमित दुसरी तारीख घेईल. मी काय तोंडाने..."

त्यांनी गियरवरच्या माझ्या हातावर दोनदा थोपटलं. मी त्याचा अर्थ "बरं" असा घेतला. त्या दिवशी मी त्यांच्या एकाही खुणेचा अर्थ बरोबर लावला नव्हता. तेव्हा हाही चुकलाच असणार.

दुसरी तारीख मिळाली होती. नाही असं नाही. पण पुढच्या तपासणीत निघालं की ते दुखणं खाली छातीपर्यंत उतरलंय. औषधं थांबवली. तारीख आली तेव्हा भावोजींना पलंगावरून खिडकीपर्यंत यायला दोन माणसं लागत होती. बोटीचं नाव घरात कुणी काढलं नाही. गणपतीच्या आठ दिवस आधी भावोजी गेले.

मी ताईच्या समोर जायचं टाळत होतो. दिवसकार्यात पण मागे मागे, खुर्च्या उचल, पाण्याचे जार आण. ती कधी मला बोलली नाही हो. चकार शब्द नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग एका संध्याकाळी तिचा फोन. "अस्थी भर समुद्रात सोडायच्यात. त्यांच्या ओळखीचा एक बोटवाला आहे भाऊच्या धक्क्यावर, तो नेतो म्हणालाय. परवा सकाळी आठला. गाडी तू काढ."

"मी?"

"मग आणि कोण?"

तुम्हाला सांगतो, परीक्षेला कधी केला नाही एवढा अभ्यास मी त्या रस्त्याचा केला! आदल्या दिवशी स्कूटर घेऊन भांडुपपासून धक्क्यापर्यंत जाऊन आलो. वाटेतल्या प्रत्येक हवालदाराला विचारलं, उद्या काय बंद आहे, कुठे काम आहे, कुठून वळवलंय. एकाने तर हटकलं, "काय रे, कुणा मंत्र्याची गाडी येतेय का?"

पहाटे पावणेपाचला मी त्यांच्या दारात हजर. ताई, अमित मागे, ताईच्या मांडीवर कलश. रस्ता रिकामा. एक सिग्नल लागला नाही, एक वळण चुकलं नाही. पावणेसहाला धक्क्यावर होतो.

धक्क्यावर मासळी उतरत होती, बर्फ फुटत होता, कोळणींचा आरडाओरडा. आमच्या बोटवाल्याचा पत्ताच नव्हता. कुठून असणार? तो आठला येणार होता. आम्ही तिघं गाडीतच बसलो. उजाडलं. अमित चहा आणायला गेला. मी काच पुसली. परत पुसली.

ताईने हातातल्या घड्याळात बघितलं, कलश नीट धरला आणि मला म्हणाली,

"आज कसली घाई होती रे तुला?"